टेपमधल्या दोन शिंका

१

रोज सकाळी साडेनऊला लेखकराव चहाचा दुसरा कप संपवत, चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकाला पुसत आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडून आतल्या खोलीत जात. दार लागे. खुर्ची सरके. मग टाइपरायटर सुरू होई. टक टक, टकटक, टक. ओळ संपली की टिंग, आणि लगेच यंत्राची गाडी मागे ढकलल्याची खरर.

बाहेर त्यांची बायको श्वाससुद्धा बेताने घेई. ती शाळेत शिकवायची, म्हणून सगळी आळी तिला बाई म्हणे. शाळा दुपारची. सकाळी ती जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसे, टेलिफोनवर उशी ठेवी आणि दारात कोणी आलं की ओठांवर बोट ठेवून सांगे, "हळू, आत लिहिणं चाललंय."

आत लेखकराव पलंगावर पाय लांब करून नखं कापत बसलेले असत. लिहिणं चाललेलं होतं ते टेपरेकॉर्डरवर.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. लेखनाचं सोंग मात्र अगदी बेमालूम आणता येतं, हे लेखकरावांना गेल्या चार महिन्यांत कळलं होतं. त्यांच्या तिसऱ्या कादंबरीतला एक माणूस एक्केचाळिसाव्या पानावर एका बंद दाराशी आला, त्याने कडीला हात घातला आणि तिथेच राहिला. त्याला सात महिने झाले. आता त्या बिचाऱ्याचा हात भरून आला असेल, असं लेखकरावांना कधी कधी वाटे. त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. टेबलाचं तोंड खिडकीकडे केलं, मग भिंतीकडे केलं. फिरायला गेले आणि परत आले. नवी रिबन घातली. रोज एक पान लिहायचंच, मग ते कसंही असो, असा निश्चय केला आणि त्या निश्चयाचंच अर्धं पान लिहून झोपले.

मग एके दिवशी बाईने चहा देताना विचारलं, "आज आवाज नाही आला?" प्रश्न साधाच होता. पण ती तो इतक्या मायेने विचारत होती की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर त्यांनी टेपरेकॉर्डर काढला. समोर काहीतरी हवं म्हणून वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक ठेवलं आणि ते पंचेचाळीस मिनिटं टाइप केलं. कॅसेटची एक बाजू भरली. बायको सुखी झाली, घर गप्प झालं, आणि लेखकरावांची नखं कधी नव्हे इतकी नीट राहू लागली.

२

पण कुठेतरी माशी शिंकतेच. इथे तर लेखकराव स्वतःच शिंकले होते.

माहितीपत्रकावर धूळ होती. टाइप करताना विसाव्या मिनिटाला त्यांना दोन शिंका आल्या होत्या, एकीमागोमाग एक, खिडकीच्या काचा थरथरतील अशा. त्या टेपमध्ये गेल्या. पुन्हा टेप भरायचा त्यांना कंटाळा आला. घरात माणूस शिंकतोच, कोण लक्ष देतंय, असं त्यांना वाटलं.

लग्नाला बावीस वर्षं झालेल्या पुरुषाला असं वाटावं, हेच नवल. रोज दहाला दहा कमी असताना नवऱ्याला बरोबर दोन शिंका येतात, हे बाईने दुसऱ्या आठवड्यात ओळखलं. तिसऱ्या आठवड्यात ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

"सुट्टीच्या दिवशी पण येतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"रविवारी पण," बाई म्हणाली. "आमचं घड्याळ मी त्यावरच लावते."

डॉक्टरांनी लेखकरावांच्या नाकात बॅटरी मारून पाहिलं, आत काही नाही म्हणाले आणि नाकात घालायचे थेंब दिले. शिवाय रोज सकाळी वाफारा घ्यायचा. आता खोटं निभवायचं तर पुरतं निभवायला हवं. लेखकराव थेंब खिडकीतल्या कुंडीत टाकू लागले. वाफाऱ्याचं पातेलं, लिहिणं सुरू व्हायच्या आधीच, बाई स्वतः आणून टेबलावर ठेवी. ते टेपरेकॉर्डरच्या शेजारी निवत राही, आणि वाफ सगळी त्या यंत्राच्या जाळीत जाई. पलंगावरून लेखकराव ते बघत आणि मनात म्हणत, घे बाबा, शिंकतोस तूच, तेव्हा घे.

हे त्यांनी गमतीने म्हटलं होतं. पुढे त्यांना ते पुष्कळदा आठवलं.

३

खालच्या मजल्यावर टायपिस्टकाका राहत. कोर्टात चाळीस वर्षं टाइप करून ते निवृत्त झाले होते. माणसांचं बोलणं त्यांना कमी ऐकू येई, पण यंत्राचं सगळं कळे. प्रत्येक कळीचा आवाज वेगळा असतो, असं ते म्हणत. शेजारच्या टेबलावर कोणाचा जामीन टाइप होतोय, ते मान न वळवता सांगत. लेखकरावांना ही थाप वाटायची.

एका सकाळी ते जिन्यात भेटले. हातात रिकामी पिशवी, चेहऱ्यावर संकोच.

"लेखकराव, एक विचारू का? नवीन वॉशिंग मशीन घेतलंत?"

लेखकराव तीन पायऱ्या खाली उतरले होते. ते तिथेच थबकले. नाही, म्हणाले, जुनंच आहे.

"नाही, रोज तेच ऐकू येतं म्हणून विचारलं," काका म्हणाले. "यंत्राचे चारही पाय समपातळीत आहेत याची खात्री करावी. गडद कपडे वेगळे धुवावेत. मला हे माहीतच नव्हतं हो. माझे दोन सदरे वाचले." मग आवाज खाली आणून त्यांनी समजूत घातली, की होतं असं, मोठ्या लेखकांचंही होत असेल. आपण कोणाला बोलणार नाही.

भिंतीला कान असतात हे लेखकरावांना ठाऊक होतं. जमिनीखालीही असतात, हे नव्याने कळलं. त्या दिवशी ते काही न आणताच परत आले.

वर आल्यावर बाईने एक पत्र पुढे केलं. दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा होती. मोठं मैदान, आवारातच राहायला घर. या जागेची ती पंधरा वर्षं वाट बघत होती, आणि महिनाअखेरीपर्यंत उत्तर कळवायचं होतं. तिने पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"तुमचं लिहिणं अडलेलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी एका पायावर गेले असते. पण इतकं छान चाललंय. ही खोली मोडायची कशाला?"

खरं बोलायची वेळ हीच होती. लेखकरावांनी तोंड उघडलं, बायकोच्या हातातल्या पत्राकडे पाहिलं आणि चहा मागितला. चहा पिताना त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की साखर नाही हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही.

४

पुढच्या सोमवारी दहाला दहा कमी झाले, आणि शिंका आल्या नाहीत.

लेखकराव कात्री हातात धरून बसून राहिले. टेप चालू होती. टक टक, टकटक, टिंग. दहाला नऊ कमी. आठ कमी. बाहेरून बाईचा आवाज आला, "बघा, गुण आला की नाही औषधाचा?"

औषध कुंडीत गेलं होतं. वाफारा यंत्राने घेतला होता. पण टेपमधली सर्दी वाफाऱ्याने बरी होते, हे मानायला लेखकराव अजून तयार नव्हते. ते विचार करणारे गृहस्थ होते. टेप जुनी झाली की आवाज झिजतो, हे त्यांनी स्वतःला समजावलं. खात्री करायला दुपारी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने तोंडातला स्क्रू हातात घेऊन सांगितलं, "झिजली की आवाज जातो, साहेब. गेला की गेला."

"आणि त्या जागी दुसरा येतो का?"

"दुसरा कुठून येणार?" रेडिओवाला म्हणाला, आणि त्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

कारण शिंकांच्या जागी आता टाइपिंग होतं. लेखकराव घरी आले, बाई शाळेत गेली होती. त्यांनी पलंगावर न बसता खुर्ची टेपजवळ ओढली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती बाजू नीट ऐकली. आधी ते माहितीपत्रकात बघत, मग टाइप करत. म्हणून दर सहा-सात कळांनी एक खंड असे. तो खंड आता नव्हता. कळा एका लयीत पडत होत्या. मध्ये आखूड ओळी आल्या, टिंग न होता गाडी मागे गेली, पुन्हा गेली. ते संवाद होते. मग एक मोठा, सलग परिच्छेद. मग यंत्र थांबलं, आणि रोलरमधून कागद ओढून काढल्याचा आवाज आला. नवा कागद घातला गेला.

माहितीपत्रकाच्या वेळी त्यांनी कागद एकदाही बदलला नव्हता. पान भरल्यावर त्याच पानावर पुन्हा टाइप केलं होतं, कागद वाया कशाला घालवा म्हणून.

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी त्यांना दुसरंच काही वाटलं. ते कान देऊन ऐकत होते, आणि त्यांना मत्सर वाटत होता. हा जो कोणी होता, त्याचं लिहिणं चाललं होतं.

५

आता त्यांची स्थिती अवघड झाली. टेप लावावी तर आत कोणीतरी लिहीत बसे. न लावावी तर घर गप्प होई आणि बाई मायेने विचारायला येई. लेखकराव लावत राहिले. पलंगावर बसायचं त्यांनी सोडलं, कारण तिथून खुर्चीची पाठ दिसे, आणि रिकाम्या खुर्चीची पाठ बघत तो आवाज ऐकणं त्यांना जमेना. ते दाराला टेकून उभे राहू लागले, एक हात कडीवर ठेवून.

गुरुवारी टायपिस्टकाका जिन्यात वाटच बघत होते.

"जमलं हो!" ते म्हणाले. "वॉशिंग मशीनमधून सुटलात एकदाचे. त्या माणसाचं काय होणार, याच काळजीत असतो मी."

"कोणत्या माणसाचं?"

"तुमच्याच. टेप लावून बायकोला फसवतो तो." काका हसले. "असा माणूस असतो का, असं आधी वाटलं. पण तुम्ही रंगवलाय छान. नखं कापतो, ते तर फारच आवडलं."

लेखकरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी कठडा धरला आणि शक्य तितक्या सहज विचारलं, की पुढे काय होतं.

"लिहिणारे तुम्ही, आणि विचारता मला?" काका म्हणाले. मग परीक्षा घेतली जातेय असं समजून त्यांनी मान जरा वाकडी केली, कोर्टात करत असतील तशी. "सामान बांधतात. गाडी येते. तो शेवटी एकटा जिना उतरतो. आणि नेमकं तिथेच तुम्ही थांबता, रोज. शेवट लिहा हो आता, माझं वय झालंय."

"आम्ही कुठेही जाणार नाही," लेखकराव म्हणाले. हे कशाला बोललो, ते त्यांना समजलं नाही. काकांना बहुतेक ऐकूच गेलं नाही.

वर बाई पत्र समोर ठेवून बसली होती. परवा महिनाअखेर. ती पुन्हा तेच म्हणाली, की लिहिणं अडलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ही तिसरी वेळ. यावेळी ती त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

६

शुक्रवारी सकाळी साडेनऊला लेखकराव आत गेले. त्यांनी टेपरेकॉर्डरची वायर भिंतीतून काढली, कॅसेट काढून खिशात घातली आणि टाइपरायटरसमोर बसले. एक्केचाळिसावं पान काढून बाजूला ठेवलं. कोरा कागद घातला. दोन बोटांनी, परीक्षेला बसल्यासारखं, त्यांनी टाइप केलं: सात महिने मी एक शब्दही लिहिलेला नाही.

वाक्य खरं होतं. त्याच्या मागून दुसरं आलं, तेही खरं होतं. मग टेप आली, नखं आली, शिंका, डॉक्टर, कुंडी. मुख्याध्यापिकेची जागा आली तेव्हा त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी न थांबता तसंच टाइप केलं. हा बायकोला कबुलीजबाब आहे की कादंबरी, हे त्यांना ठरवता येईना, आणि ठरवायची घाईही नव्हती. पहिलं पान संपलं. दुसरं घातलं.

तिसऱ्या पानावर एक शब्द सुचेना म्हणून त्यांनी हात मांडीवर घेतले. आवाज थांबायला थोडा उशीर झाला.

तीन कळा असतील, फार तर चार. लेखकरावांनी कागदाकडे पाहिलं नाही. प्रतिध्वनी, ते स्वतःशी म्हणाले. खोली लहान आहे. मग त्यांनी पाहिलं. त्यांना अडलेला शब्द तिथे होता, आणि तो चांगला होता.

दुसरा कोणी असता तर ओरडत बाहेर पळाला असता. लेखकराव सात महिन्यांनंतर लिहीत होते. त्यांनी मान खाली घातली आणि पुढची ओळ घेतली. वर्गात शेजारच्या बाकावरचा भराभर लिहू लागला की आपलाही हात चालतो, तसं काहीसं झालं. फक्त खांद्याशी कोणी वाकलं आहे असं वाटत होतं, आणि वाफाऱ्याचा ओलसर वास येत होता. आज पातेलं आत आलं नव्हतं. ते दुपारपर्यंत बसले. बाई त्या दिवशी शाळेत उशिरा गेली.

संध्याकाळी त्यांनी बावीस पानं तिच्यापुढे ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिने सगळी वाचली, हातात तांबडी पेन्सिल घेऊन. दोन चुका दुरुस्त केल्या.

"शिंका टेपमधल्या आहेत हे मला कुंडीतलं रोप मेलं आणि मी खोली धुंडाळली तेव्हाच कळलं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तीनदा मुद्दाम विषय काढला." तिने पानं एकावर एक नीट लावली. "त्या जागेला मी होकार कधीच कळवलाय. तुम्ही बरोबर येणार की इथे टेप लावून बसणार, एवढंच ठरायचं होतं."

लेखकरावांना हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही आवरण्यात त्यांचा चष्मा खाली पडला. तिने तो उचलून दिला.

"एक मात्र कळलं नाही," ती म्हणाली. "मध्येच शिंका बंद कशा केल्यात? टेप कापून जोडलीत का?"

लेखकरावांनी चष्मा बराच वेळ पुसला. मग हो म्हणाले. आयुष्यात पुन्हा खोटं बोलणार नाही, असा कानाला खडा लावून त्यांना दहा मिनिटं झाली होती.

७

पुढच्या महिन्यात सामान बांधलं. गाडी आली. कॅसेट त्यांनी आधीच बत्त्याने ठेचून, रीळ कात्रीने बारीक कापून तीन वेगवेगळ्या कचरापेट्यांत टाकलं होतं. टेपरेकॉर्डर रेडिओवाल्याला फुकट दिला. कादंबरीची दीडशे पानं झाली होती, शेवट तेवढा राहिला होता. तो नव्या घरात लिहू, असं त्यांनी ठरवलं होतं.

बाई गाडीत पुढे बसली. लेखकराव एकदा सगळ्या खोल्यांतून फिरले. आतल्या खोलीत टेबलाच्या चार पायांचे चार डाग होते, बाकी काही नाही. त्यांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, टाइपरायटर दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि जिना उतरू लागले. ते यंत्र ते कोणाला उचलू देत नसत.

खालच्या वळणावर टायपिस्टकाका उभे होते. निरोप घ्यायला आले असतील, म्हणून लेखकराव हसले. काका हसले नाहीत. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मान वाकडी होती.

"थांबा," ते हळूच म्हणाले. "आता शेवट चाललाय."

तेव्हा लेखकरावांनाही ऐकू आलं. वरून, कुलूप लावलेल्या घराच्या आतल्या खोलीतून. टक टक, टकटक, टक. लय तीच होती, सलग, न अडखळणारी. टाइपरायटर त्यांच्या हातात होता. त्यांनी तो घट्ट धरला, तेव्हा त्याच्या कळा त्यांच्या बरगड्यांना लागल्या. त्यांतली एकही हलत नव्हती.

काका डोळे न उघडता, एकेक शब्द करत, कोर्टात वाचून दाखवतात तशा सपाट आवाजात सांगू लागले.

"यंत्र छातीशी धरून तो जिना उतरत होता. खाली गाडी उभी होती. बायको हाक मारत होती."

"अहो, चला ना," बाहेरून बाईचा आवाज आला.

"वळणावर तो थांबला. त्याने वर पाहायचं नाही असं ठरवलं."

लेखकरावांनी वर पाहिलं नाही.

"आणि इतक्या महिन्यांनी," काका म्हणाले, "त्याला..." ते थांबले. वरचा आवाजही थांबला होता. कोणीतरी शब्द शोधत असावं.

लेखकरावांच्या नाकात बारीकशी हुळहुळ झाली. त्यांनी श्वास कोंडला, दात आवळले, मनातल्या मनात पाढे म्हटले. हात अडकलेले, नाक धरता येईना. त्यांनी डोळे मिटून पुष्कळ प्रयत्न केला. मग त्यांना शिंक आली. आणि तिच्यामागोमाग दुसरी, जिन्याच्या काचा थरथरतील अशी.

वर चार कळा पडल्या, आणि टिंग झालं.